शोभादर्शक : नळीपासून संगणकापर्यंत

एखाद्या फुलाचें, झाडाच्या सालीचें किंवा जुन्या इमारतीच्या खिडकीचें छायाचित्र घ्यावें. संगणकाच्या पडद्यावर त्याची एक निमुळती फांक कापावी. तिची उलटी प्रत तिच्या शेजारीं जोडावी आणि ती जोडी एका बिंदूभोंवतीं फिरवीत नेऊन वर्तुळ पुरें करावें. पाहतां पाहतां मूळ वस्तूचा मागमूस नाहींसा होतो व डोळ्यांपुढें एक चक्राकार नक्षी उभी राहते. छायाचित्रांवर संस्कार करण्याचीं जीं सॉफ्टवेअरें आज प्रचारांत आहेत त्यांच्या साहाय्यानें हें काम शाळकरी मूलहि घटकाभरांत करतें. परंतु या घटकाभराच्या खेळामागें दोनशें वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या आरंभीं जो पुरुष उभा आहे, त्यानें अर्ध्या युरोपास वेड लावणारी वस्तु निर्माण केली. आणि ती वस्तु हजारों हातांनीं त्याच्यापासून हिरावून घेतली. मात्र ती नेणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या हातीं तिचें मर्म लागलें. ही त्या मर्माची कथा आहे.

त्या पुरुषाचें नांव डेव्हिड ब्रूस्टर. त्याचा जन्म स्कॉटलंडमधील जेडबर्ग या गांवीं ११ डिसेंबर १७८१ रोजीं झाला. त्याचे वडील तेथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. गांवाजवळच इंचबोनी येथें जेम्स व्हीच नांवाचा नांगर तयार करणारा एक कारागीर राहत असे. त्याला आकाशांतील ताऱ्यांचा व दुर्बिणींचा मोठा नाद होता, आणि लहानग्या डेव्हिडनें प्रकाशशास्त्राचे पहिले धडे या नांगरवाल्याच्या सहवासांतच गिरविले. वयाच्या बाराव्या वर्षीं तो एडिंबर विद्यापीठांत दाखल झाला. घरच्यांनीं त्याच्यासाठीं धर्मोपदेशकाचा मार्ग आंखून ठेवला होता, आणि १८०४ सालीं त्याला उपदेश करण्याचा परवानाहि मिळाला. परंतु लोकांसमोर उभें राहिलें कीं त्याचें धैर्य गळून जाई. अखेर त्यानें तो मार्ग सोडला आणि प्रकाशाच्या अभ्यासास स्वतःला वाहून घेतलें. कांचेवर किती अंशांनीं पडलेला प्रकाश परावर्तनानें पूर्ण ध्रुवित होतो याचा नियम त्यानें १८१५ सालीं प्रसिद्ध केला. तो कोन आजहि ‘ब्रूस्टरचा कोन’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला आपला सभासद करून घेतलें व कॉप्ली पदक दिलें.

शोभादर्शकाचा जन्म या प्रयोगांच्या ओघांतच झाला. १८१४ सालीं ब्रूस्टर कांचेच्या दोन तुकड्यांमध्यें प्रकाशाचीं परावर्तनें घडवून पाहत होता. ते तुकडे एकमेकांशीं कांहीं कोन करून ठेवले असतां मेणबत्तीचीं प्रतिबिंबें एका मध्याभोंवतीं वर्तुळाकार मांडलेलीं दिसतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. परंतु त्या वेळीं त्याचें चित्त दुसऱ्याच शोधांत गुंतलें होतें. पुढें बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाचे द्रवांवरील प्रयोग तो पुन्हा करून पाहत असतां त्यानें कांचेच्या दोन पट्ट्या एका कडेस जोडून एक त्रिकोणी पन्हळ तयार केली आणि तिचीं टोंकें कांचेनेंच बंद केलीं. सांध्यांत भरलेलें थोडेंसें लुकण दुसऱ्या टोंकाशीं दाबलें जाऊन आंत आलें होतें. ब्रूस्टरनें एका टोंकास डोळा लावून पाहिलें, तेव्हां तो ओबडधोबड लुकणाचा ओघळ एखाद्या कोरीव कमळासारखा दिसूं लागला. प्रयोगांत निरुपयोगी म्हणून दुसऱ्या कोणी खरवडून टाकला असता, त्या ओघळानेंच शोधकाला थांबविलें. मेणबत्तीपेक्षां हें चित्र इतकें अधिक रेखीव कां दिसावें, हा प्रश्न त्यानें स्वतःस विचारला. आणि त्या प्रश्नाच्या उत्तरांत शोभादर्शकाचें सारें शास्त्र दडलेलें होतें.

तें शास्त्र तीन अटींचें आहे. पहिली अट कोनाची. दोन आरशांमधील कोन ६० अंशांचा असेल तर वर्तुळाच्या सहा फांका दिसतात. त्यांतली एक प्रत्यक्ष वस्तूची व बाकीच्या पांच प्रतिबिंबांच्या. कोन ४५ अंशांचा केला तर आठ आणि ३० अंशांचा केला तर बारा फांका होतात. परंतु कोणताहि कोन चालत नाहीं. ३६० अंशांस त्या कोनानें भागलें असतां येणारी संख्या पूर्ण तर असली पाहिजेच, शिवाय ती समहि असली पाहिजे. ७२ अंशांचा कोन घेतला तर भाग पूर्ण जातो, पण फांका पांच होतात. मग समोरच्या फांकेंत उजव्या आरशाकडून व डाव्या आरशाकडून आलेलीं प्रतिबिंबें एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि नक्षी त्या ठिकाणीं विसकटते. दुसरी अट वस्तूच्या जागेची. रंगीत तुकडे आरशांच्या टोंकाशीं अगदीं भिडलेले असले पाहिजेत. ते दूर असले तर वस्तु व प्रतिबिंब यांच्यामध्यें खंड पडतो. लुकण मेणबत्तीपेक्षां रेखीव दिसलें तें याच कारणानें. तिसरी अट डोळ्याच्या जागेची. आरसे जेथें मिळतात त्या सांध्याच्या जितका जवळ डोळा असेल तितकें वर्तुळ गोल व सारख्या उजेडाचें दिसतें. या तीन अटी साधल्यावर ब्रूस्टरनें नळीच्या टोंकाला एक डबी बसविली व तींत कांचेचे रंगीत तुकडे सुटे सोडले. नळी फिरविली कीं तुकडे घसरतात आणि एक नक्षी मोडून दुसरी उभी राहते. सौंदर्य, रूप आणि पाहणें या अर्थांचे तीन ग्रीक शब्द जोडून त्यानें आपल्या यंत्राचें नांव ‘कॅलिडोस्कोप’ असें ठेवलें. मराठींत त्यालाच शोभादर्शक म्हणतात.

१८१७ सालीं ब्रूस्टरला या यंत्राचें पेटंट मिळालें आणि तें बनविण्याचें काम बर्मिंगहॅम येथील फिलिप कार्पेंटर या दृक्‌यंत्रांच्या कारागिराकडे सोंपविण्यांत आलें. पण पुरेशी यंत्रें तयार होऊन बाजारांत येण्याच्या आधींच एक नमुना लंडनच्या दुकानदारांच्या दृष्टीस पडला. दोन आरसे, एक नळी आणि चार कांचेचे तुकडे. वस्तु इतकी साधी कीं एकदां पाहिली म्हणजे कोणीहि करावी! पत्र्याच्या, पुठ्ठ्याच्या, लांकडाच्या नळ्या गल्लोगल्लीं तयार होऊं लागल्या. लंडन व पॅरिस या दोन शहरांत तीन महिन्यांत दोन लाखांहून कमी नळ्या खपल्या नसाव्यात, असा अंदाज खुद्द ब्रूस्टरनेंच नमूद केला आहे. १८१८ सालीं लंडनहून पत्नीस लिहितांना त्यानें सांगितलें कीं लहान मुलांच्या हातांत हीं यंत्रें आहेत, गाडीवान आपल्या बैठकीवर बसून त्यांत पाहत आहेत, हजारों गरीब माणसें तीं करून व विकून पोट भरीत आहेत. आणि पेटंटाची व्यवस्था नीट झाली असती तर आपणांस एक लाख पौंड मिळाले असते.

लाख पौंडांची ही हळहळ मनुष्यस्वभावास धरूनच होती. परंतु ब्रूस्टरच्या मनास दुसरी एक गोष्ट अधिक लागलेली दिसते. त्याच्या मतें त्या अफाट संख्येपैकीं शास्त्रशुद्ध रीतीनें बनविलेलीं यंत्रें हजारभर तरी असतील कीं नाहीं याची शंकाच होती. आणि ज्या लाखों लोकांनीं त्यांत पाहिलें त्यांच्यापैकीं शंभरांनाहि त्यांतलें तत्त्व कळलें नव्हतें. नकल करणारांनीं नळी उचलली होती, कोन उचलला नव्हता. आरसे अदमासानें ठेवलेले, तुकडे दूर, डोळ्याचें भोंक मध्यावर. त्यामुळें नक्षीच्या जागीं नक्षीचा भास तेवढा हातीं येई. चोरीचा माल अर्धाच पोंचला होता, आणि उरलेला अर्धा धन्याजवळच राहिला होता. पण त्या अर्ध्याला बाजारांत गिऱ्हाईक नव्हतें.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं. ही युक्ति जुनीच आहे असा आक्षेप निघाला, आणि तो सर्वस्वीं निराधार नव्हता. जर्मन पंडित किर्खर यानें १६४६ सालच्या आपल्या ग्रंथांत पुस्तकासारखे उघडणारे दोन आरसे व कोनाप्रमाणें वाढणारी प्रतिबिंबांची संख्या यांचें वर्णन केलें होतें. इंग्लंडांत रिचर्ड ब्रॅडली यानें १७१७ सालीं, म्हणजे ब्रूस्टरच्या पेटंटाच्या बरोबर शंभर वर्षें आधीं, बागेची आंखणी करण्यासाठीं असेच दोन बिजागरीचे आरसे कागदावरील रेखांकनावर उभे करण्याची रीत सांगितली होती. यावर ब्रूस्टरचें उत्तर असें होतें कीं दोन आरशांत अनेक प्रतिबिंबें दिसतात हें कोण नाकारतो? परंतु नेमका कोन, वस्तूची नेमकी जागा, डोळ्याची नेमकी जागा आणि हालत्या तुकड्यांची योजना हीं सारीं एकत्र येऊन जें घडतें तें यंत्र निराळें आहे. गणितज्ञ जॉन प्लेफेअर व वाफेच्या यंत्राचे प्रसिद्ध सुधारक जेम्स वॉट यांच्यासारख्या जाणत्यांनीं त्याच्या बाजूनें अभिप्राय दिले. विद्वानांच्या सभेंत न्याय मिळाला. बाजारांत मात्र तो फार उशिरां पोंचला.

१८१९ सालीं ब्रूस्टरनें एडिंबर येथें शोभादर्शकावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें आपल्या यंत्राकडे खेळणें म्हणून पाहिलेलेंच नाहीं. गालिचे विणणारे, घरें रंगविणारे, शिल्पकार, पुस्तकें बांधणारे, रंगीत कांचेच्या खिडक्या घडविणारे अशा सर्व कारागिरांस हें यंत्र नमुने पुरवील, आणि हजार कलावंतांस वर्षभरांत जेवढे सुचणार नाहींत तेवढे तें एका तासांत दाखवील, अशी त्याची खात्री होती. परंतु या खात्रीच्या आड एक मोठी अडचण होती. नळीच्या आंत दिसणारी नक्षी नळीच्या बाहेर आणावयाची कशी? हात किंचित् हालला कीं ती मोडली, आणि मोडलेली नक्षी पुन्हा तशीच जुळेल याची आशाच नको. चित्रकारानें एक डोळा नळीला लावून दुसऱ्या हातानें ती कागदावर उतरवावी, हा उपाय कष्टाचा होता. १८५८ सालीं ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति निघाली तोंवर छायाचित्रणाची कला जन्मास आलेली होती, आणि ब्रूस्टरनें त्या आवृत्तींत शोभादर्शकांतील नक्षीचें छायाचित्र घेण्याचाहि विचार मांडला. आरसा आणि छायाचित्र यांची सांगड घालण्याची कल्पना अशी मूळ शोधकापाशींच पोंचते.

ब्रूस्टरचें पुढील आयुष्य मानाचें गेलें. पेटंटाच्या कायद्यानें शोधकाचें रक्षण होत नाहीं हा अनुभव त्यानें जन्मभर विसरला नाहीं. त्या कायद्यांत सुधारणा व्हावी म्हणून तो लिहीत राहिला. विज्ञानाच्या प्रगतीसाठीं ब्रिटिश असोसिएशन ही संस्था १८३१ सालीं यॉर्क येथें स्थापन झाली, तिच्या मुख्य प्रवर्तकांत तो होता. अखेरीस तो एडिंबर विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि १० फेब्रुवारी १८६८ रोजीं वयाच्या ८६ व्या वर्षीं त्याचें निधन झालें.

त्यानंतर शोभादर्शक बहुतेक दिवाणखान्यांत व मुलांच्या हातांत राहिला. अमेरिकेंत बोस्टन येथें चार्ल्स बुश या प्रशियांतून आलेल्या गृहस्थानें १८७३ व १८७४ सालीं त्यांतील सुधारणांचीं पेटंटें घेतलीं. त्यानें डबींत द्रवानें भरलेल्या बारीक कांचेच्या कुप्या घातल्या, त्यामुळें नळी स्थिर ठेवली तरी आंतला हवेचा बुडबुडा सरकत राही. नक्षी नळीबाहेर काढण्याचें काम मात्र छायाचित्रकारांकडून व्हावयाचें होतें. १९१७ सालच्या आरंभीं ॲल्व्हिन लँग्डन कोबर्न या अमेरिकन छायाचित्रकारानें लंडनमध्यें तीन आरसे त्रिकोणाकृति बांधून कॅमेऱ्याच्या भिंगापुढें धरले, आणि स्फटिकांचे व लांकडाचे तुकडे, तसेंच एझ्रा पाउंड या कवीचा चेहरा, त्यांतून टिपला. वस्तु ओळखूं येऊं नये, केवळ रेषा, उजेड आणि सावली यांचीच रचना दिसावी, असा त्याचा हेतु होता. बुद्धिपुरस्सर काढलेल्या पहिल्या अमूर्त छायाचित्रांत या चित्रांची गणना होते.

कोबर्नला आरसे कॅमेऱ्याच्या पुढें धरावे लागले. पुढील पिढीनें ते कॅमेऱ्याच्या मागें नेले. १९८७ सालीं मिशिगन विद्यापीठांत संशोधन करणारा टॉमस नोल यानें संगणकावर करड्या छटांचीं चित्रें दाखविणारी एक लहानशी आज्ञावली लिहिली. चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यांच्या कामावर असलेला त्याचा भाऊ जॉन त्यांत सामील झाला, आणि १९९० च्या फेब्रुवारींत ॲडोबी कंपनीनें ती ‘फोटोशॉप’ या नांवानें विक्रीस काढली. १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत थरांची सोय झाली. म्हणजे पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत त्याप्रमाणें चित्राचे भाग निरनिराळ्या थरांवर ठेवून प्रत्येक भाग स्वतंत्रपणें फिरवितां येऊं लागला. याच सुमारास, १९९५ सालीं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनीं, स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस यांनीं, ‘गिम्प’ नांवाचें तशाच कामाचें सॉफ्टवेअर हातीं घेतलें व तें सर्वांस मोफत खुलें केलें; एवढेंच नव्हे तर त्याची अंतर्रचनाहि कोणीं वाचावी व सुधारावी अशी मोकळीक दिली. ब्रूस्टरपासून जें हिरावून घेतलें गेलें, तें या दोघांनीं आपण होऊन दिलें. २०१८ सालच्या गिम्पच्या आवृत्तींत, एका बाजूस कुंचला फिरविला असतां इतर सर्व फांकांत तीच रेषा आपोआप उमटावी, अशी सोयहि आली.

आतां या नव्या शोभादर्शकाची रीत पाहिली म्हणजे जुनें मर्म किती टिकाऊ आहे हें दिसून येतें. छायाचित्रांतून ३० अंशांची एक फांक कापावयाची. तिची प्रत नव्या थरावर घेऊन ती आडवी उलटवावयाची व मूळ फांकेच्या कडेस अचूक भिडवावयाची. अशी ६० अंशांची जोडी तयार होते. या जोडीच्या पांच प्रती घेऊन त्या टोंकाच्या बिंदूभोंवतीं ६०, १२०, १८०, २४० व ३०० अंशांनीं फिरविल्या कीं बारा फांकांचें वर्तुळ पुरें होतें. फांक ३५ अंशांची कापली तर जोडी ७० अंशांची होते, पांच जोड्यांनीं ३५० अंश भरतात आणि १० अंशांची फट उघडी राहते. दोन कडा नीट भिडल्या नाहींत तर मध्यें रेघ दिसते. फिरविण्याचा बिंदु फांकेच्या टोंकावरून किंचित् सरकला तर वर्तुळाच्या गर्भांत भोंक पडतें. कोन, कडा आणि केंद्र! ब्रूस्टरनें घातलेल्या तीन अटींपैकीं पहिल्या दोन येथें जशाच्या तशा उभ्या आहेत, आणि तिसरींत डोळ्याची जागा केंद्रबिंदूनें घेतली आहे. प्रत उलटविण्यास विसरलें तर शोभादर्शक न होतां पवनचक्रीच्या पात्यांसारखी नुसती फिरती आकृति होते. कारण आरसा उजव्याचें डावें करतो, आणि शेजारशेजारच्या फांका एकमेकींच्या प्रतिबिंब असणें हाच या शोभेचा प्राण आहे.

फरकहि आहेत. नळींत प्रत्येक परावर्तनाबरोबर थोडा उजेड नाहींसा होतो, म्हणून दूरच्या फांका मंद दिसतात. संगणकावर बारावी फांक पहिलीइतकीच उजळ असते. उलट, संगणकावरील चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचें बनलेलें असल्यामुळें तें तिरकें फिरवितांना ठिपक्यांच्या नव्या किंमती अंदाजानें काढाव्या लागतात व कडा किंचित् पुसट होतात. आरशाच्या नळीस हा दोष लागत नाहीं. परंतु सर्वांत मोठा फरक असा कीं नळींतली नक्षी हातची निसटत असे, संगणकावरील नक्षी राहते. ती साठवितां येते, मागें जाऊन सुधारतां येते, कापडावर वा कागदावर छापतां येते. कारागिरांना नमुने पुरविण्याचें ब्रूस्टरचें स्वप्न खऱ्या अर्थानें पुरें होण्यास अशी पाऊणदोनशें वर्षें लागलीं. मात्र हजार नमुन्यांतून कोणता ठेवावा आणि कोणता टाकावा, हा निवाडा नळीनें केला नव्हता व संगणकहि करीत नाहीं. तो कारागिराच्या नजरेकडेच राहिला आहे.

आज कित्येक सॉफ्टवेअरांत एक कळ दाबली कीं सारी नक्षी आपोआप तयार होते. कोन मोजावा लागत नाहीं. अशा वेळीं १८१८ सालच्या लंडनची आठवण होते. त्या लाखों पाहणाऱ्यांनाहि शोभा दिसली होती. नव्हतें दिसलें तें शोभेचें कारण. महाराष्ट्रांतील शाळांतून मुलें आरशाच्या तीन सारख्या पट्ट्या बांधून त्यांत फुटक्या बांगड्यांचे तुकडे घालतात व नळी फिरवून हरखून जातात. पट्ट्या सारख्या रुंदीच्या असल्या म्हणजे प्रत्येक कोन आपोआप ६० अंशांचा होतो, आणि ३६० ला साठानें भागलें कीं सहा येतात. पूर्ण आणि सम! मुलाला हें ठाऊक नसलें तरी नक्षी जुळते. पण एखाद्या दिवशीं तें मूल एक पट्टी थोडी रुंद घेईल, नक्षी विसकटेल आणि तें विचारील, असें कां झालें? लुकणाचा ओघळ पाहून ब्रूस्टरनें जो प्रश्न विचारला होता त्याचीच ती दुसरी बाजू होय. पेटंट बुडालें, लाख पौंड गेले, नळीची जागा संगणकानें घेतली. परंतु ज्याला हा प्रश्न पडतो त्याच्या हातीं ब्रूस्टरचा ठेवा पुरा येतो, आणि तो त्याच्यापासून कोणासहि हिरावून घेतां येत नाहीं.